बाहेरच्या बॉयलरचे पाणी

“मिसेस हौताला, जरा खाली येता का? आणि कठडा धरून या. तुम्ही माझ्या कामावर असताना पडलात तर मला स्वर्गात कोणी उभं करणार नाही.”

डेलचा आवाज तळघरातून आला. लेम्पी हौतालाने प्लास्टरमधला उजवा हात पोटाशी धरला आणि डाव्या हाताने कठड्याचा आधार घेत ती एकेक पायरी उतरली.

“सापडली गॅसची गळती?”

“गळतीच नाहीय.” डेल गॅसच्या भट्टीशेजारी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा माणूस, पण बसायची तऱ्हा शाळेतल्यासारखीच. “टाकीपासून इथपर्यंत सगळे सांधे साबणाचं पाणी लावून बघितले. एक बुडबुडा नाही. आता इथे हात ठेवा. ही नळी बाहेर बॉयलरकडे जाते.”

त्याने नळीवरचे फोमचे वेष्टण वीतभर सोलले होते. लेम्पीने हात ठेवला. नळी कोमट होती, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायच्या पाण्याइतकी.

“आणि ही बाहेरून परत येणारी.”

ती गार होती.

“कळलं काही?”

“नाही.”

“बाहेर आग असते तेव्हा गरम पाणी आत येतं, घराला ऊब देतं आणि गार होऊन परत जातं. बरोबर? आता गरम पाणी आतून बाहेर चाललंय. सगळं उलटं.” त्याने भट्टीच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केली. “तीन आठवडे ही बिचारी तुमचं अंगण तापवतेय. अख्ख्या जिल्ह्यात एवढं उबदार अंगण कोणाचं नसेल, मिसेस हौताला. खुर्ची टाकून बसा बाहेर.”

तो स्वतःच हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिले आणि हसू आवरून तो फडक्याला हात पुसू लागला.

त्या तळघरात दोन उष्णता एकाच पेटीत राहत होत्या. खाली गॅसची भट्टी, घराइतकीच जुनी. तिच्या डोक्यावर, गरम हवा जिथून वर जाते तिथे, मोटारीच्या रेडिएटरसारखी तांब्याची एक जाळी. अंगणातल्या लाकूड जाळायच्या बॉयलरमध्ये तापलेले पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून या जाळीत येई, पंखा सुरू होई आणि घर लाकडावर तापे. लाकडाची आग विझली, घर फारच गारठले, तर गॅस आपला आपण पेटे. भिंतीवर दोन थर्मोस्टॅट होते. वरचा सत्तर फॅरनहाइटवर, तो लाकडाचा. खालचा साठवर, तो गॅसचा. हे सारे तिच्या नवऱ्याने, आर्वोने, सोळा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने जोडले होते. पंपाच्या बटणावर त्याने पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर सुताराच्या पेन्सिलीने लिहिले होते : ‘पंप चालूच. हात लावायचा नाही.’ लेम्पीने लावला नव्हता.

“जाळीतलं पाणी गरम असेल तर ते हवेला तापवतं,” डेल म्हणाला. “पाणी गार असेल तर हवा पाण्याला तापवते. त्याला काय, कोणीही कोणालाही तापवो. पंप ते पाणी उचलतो आणि बाहेर नेऊन ओततो. आर्वोने लिहिलंय ते एका-दोन रात्रींसाठी. आग विझली तर पाणी गोठू नये म्हणून. तीन आठवड्यांसाठी नव्हे.”

“बाहेरचा काटा चौसष्टवर असतो,” लेम्पी हळूच म्हणाली.

“असणारच. गॅस जाळताय ना.”

“हो. आता कळलं.”

रोज सकाळी स्तोत्राचे वाचन झाल्यावर, काही खाण्याआधी, ती बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून बॉयलरपाशी जात असे. काट्यावरचे हिम हातमोज्याने पुसत असे. आत राखसुद्धा गार होती, बाहेर उणे वीस होते आणि काटा चौसष्टवर उभा होता. पहिल्या दिवशी तिला वाटले, काटा बिघडला. तिने हातमोजा काढून नळीला हात लावला. मग ती तिथेच बर्फात मान खाली घालून उभी राहिली. मागितले नव्हते, तरी दिले, असे तिला वाटले होते. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती. अशी गोष्ट बोलून दाखवायची नसते. एकवीस सकाळी तिने आभार मानले होते.

“मग आता?” तिने विचारले.

“टाकीचा काटा बारावर आहे. शंभरातले बारा. या थंडीत सहा दिवस, फार तर सात. कंपनीची गाडी कधी म्हणाले?”

“दहा दिवसांनी. आणि पाव टाकीच देणार. यंदा गॅसच नाही म्हणे, सगळ्यांना पावच.”

“म्हणजे मधले तीन-चार दिवस घर कशावर?”

लेम्पीने पंपावरच्या पुठ्ठ्याकडे पाहिले.

“पंप बंद केला तर गॅस पुरेल. घर राहील. पण शनिवारी उणे तीस सांगितलंय. बाहेर चारशे गॅलन पाणी आहे. एका रात्रीत बर्फ होईल आणि पोलाद फाडून टाकेल.”

“मोटारीत घालतात ते न गोठणारं घातलं तर?”

“चारशे गॅलनला? तेवढं इथपासून पुलापर्यंतच्या सगळ्या दुकानांत मिळून नसेल.” त्याने मान हलवली. “एल्मर येत होता ना लाकूड घालायला?”

“पंधरा दिवस आला. मग त्याची कंबर धरली. ब्याऐंशीचा आहे रे तो.”

“आणि चर्चमधले बाकीचे?”

“बाकीचे त्याला म्हातारा म्हणत नाहीत, यावरून समज.”

डेल पुन्हा हसला. या खेपेला तीही थोडी हसली. मग दोघेही पंपाकडे बघत राहिले. बुटाच्या खोक्याएवढा पंप होता आणि त्यातून बारीक घूं असा आवाज येत होता.

“पाणी काढून टाकायचं,” डेल म्हणाला. “उद्या सकाळी. ते कोमट आहे तोवरच निघेल.”

“आणि उन्हाळ्यात परत भरायचं.”

त्याने पाना पेटीत ठेवला, पुन्हा काढला आणि पुसला. “रविवारच्या शाळेत तुम्ही मला योनाची गोष्ट तीनदा उभं राहून सांगायला लावली होती. मी चर्चमधला खडू चोरला होता म्हणून. तेव्हापासून मला तुमच्यासमोर खोटं बोलता येत नाही. सोळा वर्षांचं पोलाद आहे, मिसेस हौताला. आतून गंजलंय. शिवणी नुसत्या खपलीने धरून ठेवल्यात. ओल्या आहेत तोवर धरतील. वाळल्या की सुटतील. मग त्यात पाणी भरणं म्हणजे चाळणी भरणं.”

“म्हणजे संपला.”

“संपला.”

“आर्वोला विचारल्याशिवाय मी हात लावू देणार नाही.”

“बोलायला लागले ते?”

“एक शब्द येतो.”

डेलने घड्याळ पाहिले. “मला गावात दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पंप घ्यायला जायचंच आहे. चला, सोडतो तुम्हाला. पण उद्या सकाळच्या पुढे थांबता येणार नाही, एवढं त्यांना सांगा.”

आर्वो हौतालाने एकतीस वर्षे जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवली. सरोवरावरून वारे सुटले की तो पहाटे तीनला निघे. तो गेल्यावर रस्ता दिसे, आणि रस्ता दिसला की लोक त्याला विसरत. त्याची त्याला काही खंत नव्हती. त्याचे खरे काम घरामागे होते. मेपल आणि बर्च तो स्वतः पाडी, स्वतः कापी, स्वतः रचे. बाहेरच्या बॉयलरला मोठाले ओंडके लागतात. दाराएवढे तोंड आहे त्याचे, त्यात कमरेइतकी जाड लाकडे दोन हातांनी उचलून ढकलावी लागतात, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. आर्वो नुसता रोखून बघत उभा राहिला तरी झाड भिऊन आपोआप वाळते, असे डेलचा बाप म्हणत असे.

बॉयलर आणला तेव्हा त्याला गॅसची भट्टी उपटून फेकायची होती. लेम्पीने ऐकले नाही.

“असू दे तळघरात. तुला काय खायला मागते?”

“दुसऱ्याने ट्रकमधून आणून टाकलेल्या उबेत मला झोप येत नाही.”

“मग तू जागा राहा. पण मरीताकडे चार दिवस जायचं झालं तर घर कोण सांभाळेल?”

म्हणून त्याने दोन्ही जोडले आणि गॅसच्या भट्टीचे नाव ‘पाहुणा’ ठेवले. सोळा वर्षांत पाहुणा चार-पाच वेळाच उठला असेल. मुलीचे, मरीताचे, लग्न मिनियापोलिसला झाले तेव्हा तीन दिवस, आर्वोच्या आईच्या मातीला दोन दिवस. गावाहून आले की आर्वो कोट न काढता आधी बॉयलरकडे जाई आणि आग धरली की मगच घरात येऊन म्हणे, “चला, पाहुणे, झोपा आता.”

इथे लाकूड दोन हिवाळे आधी कापून ठेवतात. यंदा जळते ते दोन वर्षांपूर्वीच्या वसंतातले असते. अंगणाच्या कडेला आर्वोच्या तीन रांगा होत्या, प्रत्येकीच्या टोकाच्या ओंडक्यावर तिचे वर्ष रंगवलेले. नोव्हेंबरमध्ये तो तिसरी रांग रचत होता, अजून दोन वर्षांनी लागेल ती. जेवायला आला नाही म्हणून लेम्पी बघायला गेली, तर तो रांगेला पाठ टेकून बसला होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडला होता.

त्यानंतर बॉयलर तिने पेटता ठेवला. एकाहत्तराव्या वर्षी. ओंडका उचलता येत नसे म्हणून ती तो ढकलगाडीवर गडगडत आणी, फळी लावून दारापर्यंत चढवी आणि आत लोटी. आर्वोला सहा मिनिटे लागत, तिला पाऊण तास लागे. नाताळापर्यंत केले, नाताळानंतरही केले. मग जानेवारीत एका सकाळी फळीवरून पाय सरकला, मनगट मोडले. एल्मर आला, त्याचीही कंबर गेली. शेवटची आग विझली, त्या दिवशी रात्री तळघरात टक् टक् झाले, भप्प करून गॅस पेटला आणि पाहुणा उठला.

शुश्रूषागृहात आर्वोच्या खोलीला मोठी खिडकी होती. तिच्यातून मोटारी उभ्या करायची जागा दिसे. त्याची चाकांची खुर्ची तिथेच लावलेली असायची.

“आर्वो, बघा तुमची मैत्रीण आली!” शेरिल नावाची परिचारिका दारातून म्हणाली. “आज दाढी करू दिली नाही हो त्यांनी. वस्तरा बघून असं तोंड केलं की मीच घाबरले. तुम्ही सांगून बघा.”

“माझं कधी ऐकलंय त्याने?” लेम्पी म्हणाली. तिने कोट काढला, पिशवीतून वेलदोड्याचा गोड पाव काढला. घरी भाजायला हात नव्हता, एल्मरच्या बायकोने दिला होता. तिने त्याचा तुकडा कॉफीत बुडवला आणि आर्वोच्या तोंडाच्या डाव्या बाजूला धरला. त्याने खाल्ला. तिने हनुवटी पुसली.

“किती?” आर्वोने विचारले.

त्याच्याजवळ राहिलेला तो एकच शब्द. डिसेंबरात आला, आणि सुरुवातीला सगळ्यांना वाटले की आता मागोमाग बाकीचे येतील. शिकवणारी बाई आठवड्यातून तीनदा येई, चित्रे दाखवी. मग दोनदा येऊ लागली. आता ती येत नव्हती. वसंतापर्यंत बघू, असे म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हल्ली वसंताचे नाव घेणे सोडले होते. पण आर्वो रोज एकदा विचारी, किती. बॉयलरचा काटा किती. पेटलेला असताना एकशे ऐंशी असायला हवा.

तीन आठवडे लेम्पी सांगत आली होती, “चांगलं आहे.” पाणी गोठलेले नव्हते, एवढ्यापुरते ते खोटे नव्हते. पण त्याने आकडा विचारला होता आणि ती आकडा सांगत नव्हती, हे तिला माहीत होते आणि वरच्यालाही.

“चौसष्ट,” ती म्हणाली.

आर्वोचे चावणे थांबले.

“आग नाहीय, आर्वो. माझा हात मोडला, मग एल्मरची कंबर धरली, तेव्हाच गेली. मी तुला सांगितलं नाही.”

त्याने तिच्या प्लास्टरकडे पाहिले, मग तोंडाकडे.

“पंप चालू ठेवला. तू लिहिलंस तसा. तर डेल म्हणतो, गॅसची ऊब सगळी बाहेर बॉयलरला चाललीय. टाकीत सहा दिवसांचा उरलाय आणि गाडी दहा दिवसांनी.” ती भरभर बोलत होती. तिला एवढे बोलायची सवय नव्हती. “डेल म्हणतो पाणी काढून टाकायचं. पण एकदा काढलं की पुन्हा भरता येणार नाही, असंही म्हणतो. शिवणी सुटतील म्हणतो. मी सांगितलं त्याला, आर्वोला विचारल्याशिवाय नाही. तू नाही म्हण. नुसती मान हलव. मी करीन काहीतरी. मरीताच्या नवऱ्याला बोलावीन. पास्टरना सांगून रविवारी—”

आर्वोने डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला. मूठ अर्धी मिटली आणि मनगट डावीकडे फिरवले. थांबून पुन्हा फिरवले.

बॉयलरच्या तळाशी पाणी सोडायचा व्हॉल्व्ह डावीकडे उघडतो. सोळा वर्षांत तिने त्याला दर वसंतात तिथे गुडघ्यावर बसून गाळ काढताना पाहिले होते.

“काय? रेडिओ लावू?” लेम्पी म्हणाली.

त्याने दांड्यावर मूठ आपटली. कॉफी हिंदकळली. “किती!” तो म्हणाला. दुसरा शब्द नव्हता म्हणून त्याच शब्दाने तो रागावला. आणि मग पुन्हा हात, तसाच, डावीकडे. नवख्या ड्रायव्हरला शिकवावे तसे सावकाश.

तिने दोन्ही डोळे पुसले. एका हाताने पुसायला वेळ लागला.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या सकाळी. डेल येणार आहे.”

आर्वोने हात खाली ठेवला. जरा वेळाने तिने पावाचा दुसरा तुकडा बुडवून त्याच्या तोंडाशी धरला, पण तो खिडकीबाहेर बघत होता. खाली एक माणूस मोटारींमधला बर्फ ढकलत होता आणि तो ढीग चुकीच्या बाजूला लावत होता. एरवी आर्वोने मान झटकली असती. आज तो नुसता बघत राहिला. तुकडा कॉफीत विरघळून पडला.

निघताना शेरिलने विचारले, “दाढीचं बोललात?”

“करू देईल आता,” लेम्पी म्हणाली.

परतीच्या वाटेवर, गाव मागे पडल्यावर, डेलने विचारले.

“काय म्हणाले?”

“काढ म्हणाला.”

“बोलले?”

“नाही. पण म्हणाला.”

डेलने गाडीतला हीटर वाढवला.

संध्याकाळी मरीताचा फोन आला. लेम्पीने तिला सांगितले. पलीकडून सुटका झाल्यासारखा श्वास ऐकू आला.

“बरं झालं, आई. खरं सांगते, बरं झालं. मला रोज भीती वाटायची, तू त्या बर्फात पडलेली असशील आणि कोणाला कळणारही नाही. आता तरी इकडे ये. खोली तयार आहे तुझी. खिडकीतून चर्च दिसतं, तुझ्यासाठी मुद्दाम बघून घेतलंय.”

“आणि बाबा?”

“बाबांकडे बघायला तिथे माणसं आहेत ना.”

“आहेत. चांगली आहेत.”

“मग?”

“त्यांना विचारतो तो, किती म्हणून. त्यांना काय सांगता येणार?”

“आई, ते आता कशाचं किती विचारतील?” मरीता म्हणाली. तिला तसे म्हणायचे नव्हते. दोघींनाही ते कळले आणि दोघी हवेबद्दल बोलू लागल्या.

सकाळी लेम्पीने दिवा लावून नेहमीचे स्तोत्र वाचले. वाचून झाल्यावर ती पुस्तक मिटून बसली. रोज या वेळी चौसष्टचे आभार असत. आज त्या जागी काय म्हणावे, ते तिला सुचेना. खिडकीबाहेर उजाडत होते आणि डेलच्या गाडीचे दिवे रस्त्यावरून वळत होते. शेवटी तिने कालचेच शब्द म्हटले, जसेच्या तसे, आणि उठून बूट घातले.

डेलने व्हॉल्व्हला ज्योत लावून तो आधी तापवला. मग त्याला जाड रबरी नळी जोडून तिचे तोंड उताराकडे केले.

“मी उघडू?” लेम्पीने विचारले.

“घट्ट असेल.”

तिने गुडघ्यावर बसून डाव्या हाताने जोर केला. हलला नाही. डेलने वरून पाना लावला, पण दांडी तिच्याच हातात राहू दिली. करकरत डावीकडे फिरला. नळी एकदा ताठ झाली आणि पलीकडच्या टोकातून तांबडे-काळे पाणी वाफाळत बर्फावर पडले.

“आता तुम्ही आत जा,” डेल म्हणाला. “मी भिंतीवर हातोडी वाजवीन. तीन ठोके. मग पंप बंद करा. आधी नको, नाहीतर जमिनीतल्या नळ्यांत राहील ते.”

ती तळघरात जाऊन पंपाजवळच्या पालथ्या बादलीवर बसली. पुठ्ठा तिने सोडवून ठेवला. पंपाचा आवाज सोळा वर्षे या घरात होता, इतका होता की ती तो ऐकत नसे. आता ऐकत होती. पाऊण तास गेला. आवाज बदलला, घशात काही अडकावे तसा झाला. तीन ठोके पडले. तिने बटण खाली केले.

वर आली तेव्हा उतारावर पाण्याची लांब जीभ पसरली होती. ती लाकडांच्या रांगांमधून गेली होती आणि कडेने गोठायला लागली होती. डेलने बॉयलरचे दार उघडले होते. फावड्याने तो आतली गार राख काढत होता आणि दारापासून टपालपेटीपर्यंत बर्फावर फेकत होता.

“पाय घसरणार नाही आता,” तो म्हणाला. “एवढी राख आहे की महिनाभर पुरेल.”

“पुरे रे. दमशील.”

“लाकडांचं काय करणार? दोन वर्षांची आहेत. मेपल आहे, लोक येऊन घेऊन जातील.”

“बघू.”

“घाई नाही,” डेल म्हणाला. “लाकूड काही पळून जात नाही.” मग तो आत आला, भिंतीवरच्या खालच्या थर्मोस्टॅटचा काटा साठवरून अडुसष्टवर नेला. “आता ठेवा एवढा. पुरेल. एकट्या घराला तापवायचंय तिला, काही फार नाही.” वरच्या थर्मोस्टॅटला त्याने हात लावला नाही. एल्मरच्या बायकोचा उरलेला पाव लेम्पीने त्याला कागदात बांधून दिला. नको-नको म्हणत त्याने घेतला आणि जाताना दारात टोपी काढली. पन्नास वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

दुपारी भट्टी पेटली. जरा वेळाने आपली आपण थांबली. तीन आठवडे ती थांबत नव्हती. पुन्हा पेटली, पुन्हा थांबली. मागच्या खोलीत खिडकीच्या आतल्या बाजूला साठलेला बर्फ सुटून चौकटीवर ओघळू लागला. लेम्पीने तिथे टॉवेल दाबून ठेवला. स्वयंपाकघराची फरशी मोज्यांतून गार लागेनाशी झाली. चारच्या सुमाराला घर तापले, अगदी पूर्वीसारखे, कोपरान् कोपरा.

ती टेबलाशी बसली होती. तिला उकडू लागले. स्वेटरची वरची दोन बटणे तिने डाव्या हाताने, बऱ्याच वेळाने, काढली. पण ही ऊब पाहुण्याची होती. मग एकेक करून ती तिने पुन्हा लावली.